सतरा एकांची पट्टी

ये गं सायले, जरा जवळ सरक. आजी कागदावरून बोलतेय म्हणून लांब बसायचं कारण नाही. हिंजवडीहून काळेवाडी म्हणजे काही परमुलूख नव्हे, तरी दिवाळीनंतर तुझं तोंड दिसलं नाही ते नाहीच. फोन करतेस, पण तेव्हाही निम्मी माझ्याशी बोलतेस आणि निम्मी त्या समोरच्या पडद्याशी. आणि दिवाळीत आलीस ती काय करून गेलीस हे तुला ठाऊक तरी आहे का? रागावत नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी तू एका दमात दोन आकडे वाचून दाखवलेस, आणि त्यातला पहिला मी चार महिने गरम घासासारखा तोंडात धरून बसले. गिळता येईना, टाकता येईना. तो आकडा ज्यांचा होता त्या मस्केभाऊंबद्दल आता लिहिते. तू त्यांना 'सात नंबरवाले काका' एवढंच ओळखतेस. तेवढ्यानं भागत नाही.

लिंबाजी मस्के. गाव अंबाजोगाईच्या बाजूचं, नोकरी महाळुंग्याच्या एका कंपनीत. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी आपल्या चाळीत खोली बघायला आले, तेव्हा दोन खोल्या रिकाम्या होत्या, सहा नंबर आणि सात नंबर. सहाला पूर्वेची खिडकी, मोरीसुद्धा मोठी. मी म्हटलं, सहा घ्या. हा माणूस आत न जाता दारावरच्या आकड्याकडेच बघत उभा.

"सातच द्या, आक्का. सहा फुटतोय."

मला वाटलं भिंतीला तडा गेलाय. मी आत जाऊन चारी भिंती चाचपून आले. मागं त्यांची बायको शेवंता ट्रंक घेऊन उभी होती. ती म्हणाली, "त्येंचं ऐका आक्का. नाईतर सहात राहून रोज दोन तिरिक सहा म्हणत बसतील."

तेव्हापासून मला त्यांची भाषा कळायला लागली. दुसऱ्या कशाच्या तरी पाढ्यात येतो तो आकडा 'फुटतो', आणि एक व तो स्वतः सोडून कुणाच्याच पाढ्यात येत नाही तो 'टणक'. पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात हे मी नंतर वाचलं, पण मला टणकच आवडतं. मस्केभाऊंना दिसेल तो आकडा फोडून बघायची सवय. विजेच्या मीटरचा, गॅसच्या टाकीचा, रिक्षाचा. कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभे असले की ओठ हलत असायचे. नवं माणूस समजायचं जप करतायत.

आपल्या बाळूचं तर तुला आठवतच असेल. माझा पुतण्या म्हणून सांगते असं नाही, पण त्याला गाडीचा भारी शौक. नवी मोठी गाडी आणली आणि खटपट करून नंबर घेतला १००१. पूजा झाली, नारळ फुटला, चाळीतली सगळी पेढे खात उभी. बाळूनं मुद्दाम मस्केभाऊंना गाठलं.

"काय मामा, कसाय नंबर?"

"चांगलाय की. सात, अकरा, तेरा."

"म्हंजे?"

"तीन जागी फुटायलाय."

बाळूचा पेढा हातातच राहिला. "फुटतो काय राव? आज पूजा हाय, जरा बरं बोला."

"बरंच बोलायलोय. तिन्ही तुकडे टणक हायेत. असा नंबर सगळ्यांच्या नशिबात नसतोय, भावा."

बाळू आठ दिवस गाडी आपल्या दारात लावत नव्हता, काळेवाडीच्या दुसऱ्या टोकाला लावून चालत यायचा. मस्केभाऊंना मात्र आपण काही वावगं बोललो हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या लेखी त्यांनी गाडीचं कौतुकच केलं होतं.

आता त्यांचं काम सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं. कंपनीत लोखंडी जॉब तयार झाला, म्हणजे तो भाग पूर्ण झाला, की त्याच्यावर नंबर मारायचा असतो. आता ते मशीन करतं. पूर्वी हातानं करत. बोटाएवढा पोलादी पंच, टोकाला उलटा आकडा, वरून हातोडीचा एकच घाव. दुसरा घाव घातला की आकडा दुहेरी उमटतो आणि जॉब जातो भंगारात. मस्केभाऊंचा एक घाव कधी दोन झाला नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगायचे. आणि एक गंमत सांगते. त्या पंचांच्या डबीत नवाचा पंच नसतो. सहाचाच उलटा धरून नऊ मारायचा. ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

सगळ्यात आधी झिजतो तो एकाचा पंच. नंबर एकापासून सुरू होतात, मग दहा, अकरा, शंभर. एकाला विश्रांतीच नाही. म्हणून नवा एकाचा पंच आला की मस्केभाऊ तो आधी भंगारातल्या पट्टीवर मारून बघायचे. एकदा असाच नवा पंच आला, ते पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मारत गेले, आणि पट्टी संपली तेव्हा मोजले तर सतरा एक. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून ते त्या पट्टीकडे बघत बसले. हा फुटतो का?

तो प्रश्न पट्टीसकट घरी आला. शेवंता म्हणायची, "आमच्या घरात सवत हाय. सतरा एकांची."

तसं बघ, एक जोडीनं असले तर अकरानं फुटतात. तीन-तीनचे गट पडले तर तीननं फुटतात. सतरांचे गटच पडत नाहीत, कारण सतरा स्वतःच टणक. म्हणून मस्केभाऊंनी आधी धाकट्या भावंडांना धरलं. सात एक फुटले २३९ नं. अकरा एकांनी दोन वर्षं घेतली, तेव्हा कुठं २१६४९ सापडला. तेरा एक दमदार निघतील असं वाटलं होतं, तर ते त्रेपन्ननंच फुटले, वर एकोणऐंशीनंही. मग हा माणूस ह्या सगळ्या भाजकांकडे बघत बसला, आणि त्याला काहीतरी दिसलं. सातांचा भाजक चौदाच्या पाढ्यापेक्षा एक जास्त. अकरांचा बाविसाच्या पाढ्यापेक्षा एक जास्त. तेरांचे दोन्ही सव्विसाच्या पाढ्यापेक्षा एक जास्त. म्हणजे सतरांचा असलाच तर चौतिसाच्या पाढ्यापेक्षा एक जास्त असणार. बाकीच्या आकड्यांना हात लावायचंच कारण नाही.

दहावी झालेला माणूस गं, ती पण दुसऱ्या खेपेला.

माझ्या योगाच्या वर्गात सांगवीच्या एक बाई यायच्या, कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांना मी एकदा चहाला आणलं आणि मस्केभाऊंची वही दाखवली. बाईंनी चष्मा पुसून परत लावला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाई. दिसलं."

"हे खरं आहे, मस्के. नेहमीच खरं आहे, त्याची सिद्धता आहे पुस्तकात. आणि सतरा एकांचं म्हणाल तर..."

मस्केभाऊंनी दोन्ही कानांवर हात दाबले. कपातला चहा हिंदकळून वहीवर सांडला तरी हात काढले नाहीत. "बाई, तेवढं सोडून काय बी सांगा."

बाईंनी हळूच विचारलं, असं का. मस्केभाऊ म्हणाले, "इतकी वर्षं नंबर मारायलो, बाई. एक बी नंबर माझा नाई. कागदावर येतोय तो मारायचा. ह्यो एकच नंबर मला कुणी दिलेला नाई. ह्येचं उत्तर बी कुणी देऊ नये."

त्या दिवसापासून चाळीचा कायदा झाला. सात नंबरच्या माणसाला उत्तर सांगायचं नाही. पोरांच्या हातात फोन आले, कुणीही क्षणात बघितलं असतं, पण बघितलं नाही. किंवा बघितलं असेल, बोललं नाही.

रोज चार भागाकार, हा त्यांचा नेम. चौतिसाच्या पाढ्यातला पुढचा आकडा घ्यायचा, एक मिळवायचा, तो तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी जात असेल तर सोडायचा, नाहीतर त्यानं सतरा एकांना भागायचं. सकाळची शिफ्ट असली तर दुपारी, दुपारची असली तर सकाळी, ओट्यावर बसून. आकडे कंपनीतल्यासारखे इंग्रजीत, एकाखाली एक, जणू पंचानंच मारलेत. शेवटी बाकी किती ते लिहून खाली रेघ.

आणि मी कशी यात आले विचारशील, तर ताळ्यामुळं. मी चौथीपर्यंतची. पुढचं तुझ्या बापाच्या पुस्तकांतून शिकले, भाकरी थापता थापता. पण नवाचा ताळा आमच्या चौथीच्या बाईंनी पक्का शिकवलेला. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. तो त्या आकड्याचा ताळा. भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा ताळा, त्यात बाकीचा ताळा मिळवला की मूळ आकड्याचा ताळा आला पाहिजे. नाही आला तर कुठंतरी चूक आहे. एकदा ओट्यावर मेथी निवडता निवडता मी त्यांच्या वहीवर बोट ठेवलं. "ही ओळ चुकलीय." त्यांनी तपासली, चुकलीच होती.

पुढच्या रविवारी सगळी वही माझ्यापुढं आणून ठेवली. "कंपनीत माल करणारा येगळा आन तपासणारा येगळा असतोय, आक्का. करणाऱ्यानं आपला माल आपण तपासायचा नाई. आजपासून तपासणी तुमच्याकडं."

मग दर रविवारी मी ताळे केले. तुझ्या आत्याच्या लग्नाच्या रविवारीसुद्धा, हळदीच्या हातानं. सतरा एकांचा ताळा आठ. एक आणि सात, आठ. मला झोपेतून उठवून विचारलंस तरी आठच सांगीन.

वह्या भरत गेल्या. कंपनीत मशीन आलं, मस्केभाऊंना पंचावरून काढून तपासणीला बसवलं, मग ते निवृत्त झाले. मुलगा अंबाजोगाईत, तो बोलवायचा. हे म्हणायचे, संपलं की येतो. शेवंता म्हणायची, कोण संपलं की?

तिचं हसणं पुढं कमी झालं. मस्केभाऊंना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, उरलीय ती सांभाळा, लिहिणं-वाचणं कमी करा. त्यांनी कमी केलं. चाराचे दोन भागाकार केले. जाड पेन आणलं, भिंग आणलं, आकडे मोठे काढायला लागले. आता प्रश्न एवढाच होता की डोळे आधी जातात का आकडा आधी सापडतो. तो आकडा आहेच, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. टणक असता तर शेवटच नव्हता त्या कामाला.

आणि दिवाळीत तू आलीस. ओवाळणी झाली, तू विचारलंस, आजी, ह्या वहीत काय करतेस. मी सांगत होते तोवर तुझा अंगठा चाललाही होता. "फुटतो गं आजी, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं," म्हणालीस, आणि पाठोपाठ तो दुसरा दहा आकडी नंबर वाचलास. हसत होतीस. चुकलीस असं म्हणत नाही, कायदा तुला माहीत नव्हता. पण तुझी आजी आकडा ऐकला की विसरत नाही, हे तर माहीत होतं.

मस्केभाऊ तेव्हा वीस लाख बावन्न हजारांवर होते.

मी हिशेब केला. रोज दोन, म्हणजे शिमग्याच्या आसपास पोचतील. सांगून टाकावं का? माणसाची नजर वाचली असती. शेवंता तर रोज देवाला हेच मागत होती, एकदाचं सुटू दे. मला नुसतं बोट ठेवायचं होतं. पण ते कानांवरचे हात आठवायचे. वीस वर्षं ज्यानं एकटा चालून आणलं त्याला शेवटच्या वळणावर उचलून नेऊन ठेवायचं? मी नाही बोलले. रविवारी वही घ्यायची, ताळे करायचे, परत द्यायची. चेहरा कोरा ठेवायचा. चेहरा कोरा ठेवणं तुझ्या आजीला किती जमतं, तू जाणतेसच.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात मला बुधवारीच राहवलं नाही. मनातल्या मनात मोजलेलं होतं, आज पोचले असणार. वाटीत पुरण घेतलं आणि सात नंबरला गेले. मस्केभाऊ ओट्यावर, भिंग डोळ्याशी. वहीवर नजर टाकली तर ते पुढच्या आकड्यावर गेलेले, २०७१७५७. आणि त्याच्या वर, रेघ मारून संपवलेला, माझा आकडा. २०७१७२३. बाकी ३००.

बाकी तीनशे? म्हणजे हे आकड्याच्या दारावरून गेले आणि पुढं निघाले. आता हे आयुष्यभर पुढंच जात राहणार, डोळे मिटेपर्यंत. एक क्षण वाटलं, सायलीच्या फोननंच खोटं सांगितलं असेल. मग बोट आपोआप ओळीवर गेलं. भाजकाचा ताळा चार. भागाकाराचा दोन. चार दुणे आठ. बाकीचे तीन मिळवले, अकरा, म्हणजे दोन. यायला पाहिजे आठ.

जीव भांड्यात पडला माझा. मला उत्तर सांगायची गरजच नव्हती. माझं जे काम होतं तेवढंच करायचं होतं.

"मस्केभाऊ, ह्या वरच्या ओळीचा ताळा जुळत न्हाई."

"आज ऐतवार हाय का, आक्का?"

"पुरण द्यायला आले. नजर गेली."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग नवं पान काढलं आणि तोच भागाकार पहिल्यापासून मांडला. मी वाटी हातात धरून उभी. पाच, तीन, सहा, तीन. एकेक पायरी, भिंग सरकवत. आठव्या पायरीवर थांबले. जुन्या पानावर बोट ठेवलं, नव्या पानावर ठेवलं. "बगा," म्हणाले, "नवाच्या जागी सहा पडलाय." आणि हसायला लागले. "जन्मभर सहा उलटा धरून नऊ मारला. आज नऊच उलटा पडला."

उरलेल्या दोन पायऱ्या हसत हसतच केल्या. शेवटची वजाबाकी मांडली. वर १४५०२०६१. खाली १४५०२०६१.

हसणं थांबलं. त्यांनी भिंग फिरवून दोन्ही ओळी परत वाचल्या, एकेक आकड्यावर नख ठेवत. मग पेन खाली ठेवून बसले. आत शेवंता भांडी घासत होती.

"अगं," त्यांनी हाक मारली, "बाकी उरली नाई."

ती तशीच राखेच्या हातानं बाहेर आली. नवऱ्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं. "गेली का सवत?"

"गेली."

"मंग जेवा," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

दोन दिवस त्यांनी उलटा गुणाकार करून तपासला, तिसऱ्या दिवशी माझ्याकडं ताळ्याला दिला. जुळला. आठास आठ.

अंबाजोगाईला जायचा दिवस गुढीपाडव्यानंतर ठरला. सामान ते केवढं, एक टेम्पो निम्मा भरला नाही. वह्यांची पेटी मात्र दोघांनी उचलली. शेवंता पुढं बसली आणि मस्केभाऊ माझ्या दारात आले. हातात ती पट्टी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली.

"एक इचारू का, आक्का? तुमाला ठाऊक होतं ना?"

खोटं बोलायचं मनात आलं नाही. "व्हय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मला वाटलं आता माणूस मोडला, आपण वीस वर्षांच्या कष्टाला हात लावला.

"ताळा खरा होता का पण?"

"ताळा खराच होता. न्हाई जुळला म्हणून न्हाई म्हटलं. जुळला असता तर गप वाटी देऊन गेले असते."

"मंग तुमी सांगितलं नाई," मस्केभाऊ म्हणाले. "तपासलं." आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. "ह्येच्या मागल्या अंगाला नवीन मारलंय. तुमच्यासाठी. दिसत नव्हतं, पंच बोटानं चाचपून मारलाय, पर एक बी दुहेरी नाई."

टेम्पो निघाला. गल्लीच्या तोंडाशी पुढं एक ट्रक आडवा आला म्हणून थांबला. मस्केभाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि ट्रकच्या मागच्या पाटीकडं डोळे बारीक करून बघितलं. मग ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. तो काहीतरी वाचून दाखवत होता, हे इथून दिसत होतं. मस्केभाऊंचे ओठ हलले, बोटं दाराच्या पत्र्यावर ठेका धरल्यासारखी चालली. मग त्यांनी समाधानानं मान डोलावली. ट्रक हलला, टेम्पो वळला. तो नंबर फुटला की टणक निघाला, मला कळलं नाही.

पट्टीच्या मागं एकोणीस एक आहेत, सायले. जरा दाटीनं मारलेत, पण एका रेषेत, दोरी धरल्यासारखे. मी नवी वही आणलीय. अडतिसाच्या पाढ्यापेक्षा एक जास्त, असे घ्यायचे आहेत. पहिला टिकला तो १९१, त्यानं भाग गेला नाही. मग २२९, त्यानंही नाही. रोज दोन करते, दुपारी, चहाच्या आधी. कधी संपेल याची मला घाई नाही, माझे डोळे अजून शाबूत आहेत.

अडचण एकच आहे. करणाऱ्यानं आपला माल आपण तपासायचा नसतो. तेव्हा ये बाई ह्या रविवारी. ताळा कसा करायचा ते दहा मिनिटांत शिकवीन, तुझ्यासारखीला पाचच लागतील. फोन खुशाल आण, पण एकोणीस एकांचं त्याला विचारू नकोस. आणि आधीच विचारून बसली असशील, तर चेहरा कोरा ठेवून ये. पुरण करून ठेवते.